शिपायाचा पगार

लष्करी खर्चाचा इतिहास सांगायला आम्ही काही पंडित नव्हे. आमची हयात पगाराच्या वाटाघाटींत गेली. म्हणून इतिहास चाळतानाही आमची नजर रणांगणाआधी हजेरीपटाकडे जाते. वर्तकनगरच्या कामगार श्रोत्यांना यात वावगे वाटू नये.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची बांधणी सुरू झाली. शिपायाला खजिन्यातून रोख वेतन द्यावे, त्याबदली गाव तोडून देऊ नये, असा महाराजांचा कटाक्ष होता. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'नेही बजावले की, आरमाराचा खर्च बंदराच्या पैदाशीवर टाकू नये. व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन बंदरे बुडतात.

राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना खजिना रिता झाला. वतने, जहागिरी द्याव्या लागल्या. तो आपद्धर्म पुढे रीत होऊन बसला. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला जिंकला. परंतु त्याच पराक्रमाच्या काळात पहिले बाजीराव कर्जाने गांजलेले होते. शिपाई सरदाराचा, सरदार सरंजामाचा. मग फौज राज्याची कशी राहावी? १७७४ साली इंग्रजांनी हाच किल्ला घेतला. त्यांचे बळ केवळ तोफांत नव्हते, नियमित रोख पगारातही होते.

स्वतंत्र भारताला १९६२ च्या चीन युद्धाने जागे केले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सव्वाआठ लाखांच्या भूदलाची योजना ठरली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्के असलेला खर्च चारच्या घरात गेला. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात तो पुन्हा दोनच्या आसपास आला, तरी आकडा ६ लाख २१ हजार कोटींवर होता. त्यांतले १ लाख ४१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे.

हा भार हलका करावा, नव्या शस्त्रांना पैसा उरावा, हा विचार खोटा नाही. परंतु काटकसरीची कात्री प्रथम कोठे लागते ते पाहा. २०२१ साली संरक्षण उत्पादनातील संपाला मनाई करणारा कायदा झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स बोर्ड मोडून त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले; त्यांत आपले अंबरनाथही आले. २०२२ साली अग्निपथ योजना आली: भरती चार वर्षांची, पुढे कायम होणार फार तर चौथा हिस्सा, बाकीच्यांना एकरकमी निधी, निवृत्तिवेतन नाही.

कारखान्यातला हंगामी कामगार आम्ही जन्मभर पाहिला. त्याच्या हातांत कसब असते, पण उद्याची शाश्वती नसते. सीमेवरच्या पोराला तीच धास्ती लागू नये, एवढेच आमचे मागणे. तोफेची किंमत एकदा मोजावी लागते, माणसाची जन्मभर. ती चुकवणाऱ्या राज्यांचे काय झाले, ते आपल्या खाडीकाठचा किल्ला सांगतोच आहे.