झोपेची पुस्तकं, जागेपणी

मुलांना निजवताना वाचायच्या चित्रपुस्तकांचाही अभ्यास होतो, असं सांगितलं की अजून भुवया उंचावतात. उंचावू द्या. या विषयात शिरायला जाडजूड ग्रंथांची शिदोरी लागत नाही. एक पुस्तक हाताशी घेऊन नीट पाहिलं तरी पुरे. मी नवख्यांच्या हाती ‘गुडनाइट मून’ देते.

मार्गारेट वाइज ब्राउन यांचं हे पुस्तक 1947 साली निघालं. चित्रं क्लेमेंट हर्ड यांची. ब्राउन न्यूयॉर्कच्या ‘बँक स्ट्रीट’ या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत घडल्या. लहानग्यांना पऱ्यांआधी भोवतालच्या वस्तू आणि आवाज द्या, असा तिथल्या संस्थापक लूसी स्प्रेग मिचेल यांचा आग्रह असे. त्यामुळे या पुस्तकात गोष्ट अशी नाहीच. सशाचं पिल्लू अंथरुणात पडून खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं, बस्स. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला ते रुचलं नाही; तिथल्या फडताळात जागा मिळायला 1972 साल उजाडलं!

आता चित्रं बघा. तीच खोली पुन्हा पुन्हा येते, दर खेपेस जराशी अंधारलेली. खिडकीत चंद्र वर चढतो. घड्याळात आधी सात वाजलेले असतात, शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. आपलं वाचन चारपाच मिनिटांत उरकतं, चित्रांत मात्र सव्वा तास होत आलेला असतो. शिवाय एक उंदीर आहे, सारखी जागा बदलणारा. तो कुठे आहे हे शब्द सांगत नाहीत. आईचा आवाज मुलाला झोपेकडे नेत असतो आणि मूल डोळे ताणून उंदीर शोधत असतं. शब्द आणि चित्रं यांच्यातल्या या ओढाताणीवर चित्रपुस्तकांचे अभ्यासक पेरी नोडलमन यांनी, पुढे मारिया निकोलायेवा आणि कॅरोल स्कॉट यांनी बारकाईने लिहिलं आहे. तिथे जरूर जा, पण उंदीर सापडल्यावर.

पिल्लाजवळ खुर्चीत एक म्हातारी ससीण बसलेली असते; शेवटच्या चित्रात ती दिसत नाही. खुर्चीवर मांजराची पिल्लं झोपलेली असतात आणि भल्यामोठ्या खोलीत सशाचं पिल्लू एकटंच. हा निरोपाचा सोहळा स्वतंत्र खोलीच्या संस्कृतीतला आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे बहुतेक घरांत मूल आईच्या कुशीत, नाहीतर आजीच्या गोधडीत झोपतं. आजीची गोष्ट दिवा मालवल्यावर सुरू होते. चित्रपुस्तकाला तर दिवा हवाच. मग एकाच खोलीत पाचजण झोपणाऱ्या घरासाठी असं पुस्तक कसं रचायचं, हे काम मराठी चित्रकारांसाठी आणि अभ्यासकांसाठी अजून बरंचसं मोकळं आहे.