संदेशाची साधने आणि तीन पिढ्या

नवे साधन आले की तरुण ते चटकन आत्मसात करतात आणि वृद्ध मागे राहतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. मोबाइल आणि इंटरनेट यांच्या काळात तर त्याला सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली आहे. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाही. संदेशवहनाचा गेल्या दीडशे वर्षांचा वृत्तान्त पाहिला तर असे आढळते की, प्रत्येक साधन माणसापाशी कोणते तरी कौशल्य मागते. ज्याच्यापाशी ते असेल तो स्वतंत्र राहतो. नसेल तो परावलंबी होतो. वयाचा प्रश्न त्यानंतरचा.

याचे प्रत्यंतर पाहावयाचे तर म्हैसूरला जावे. हे शहर मोहल्ल्यांचे आहे. लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, कृष्णराज मोहल्ला, आणि त्यांतच नावाप्रमाणे बाजाराशी नाते सांगणारा मंडी मोहल्ला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव धारण करणारा रस्ता या भागातलाच. कानडी आणि उर्दू येथे सतत कानांवर पडतात. आणि शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या घरांतून मराठीही ऐकू येते. अशा बाजारपेठेत आज गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की दुकानातले एक लहानसे यंत्र रक्कम मोठ्याने उच्चारते. गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध दुकानदाराला चष्मा शोधावा लागत नाही. साधन बोलू लागले की वयाचे अंतर कसे कमी होते, याचा हा नित्याचा दाखला होय.

जुन्या काळी अशी स्थिती नव्हती. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबालाही पत्र परवडू लागले. परंतु पाव आणा जवळ असला तरी अक्षर जवळ असतेच असे नाही. म्हणून पोस्टाच्या दाराशी पत्रे लिहून देणारे बसत आणि खेड्यात पोस्टमनच पत्र वाचून दाखवी. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाचे मनोगत कोकणातल्या आईला परक्याच्या मुखातून ऐकावे लागे. शाळेत जाणारा दहा वर्षांचा नातू त्या घरात एकाएकी महत्त्वाचा माणूस होई. तार १८५५ साली जनतेस खुली झाली. पण शब्दागणिक पैसे मोजावे लागत असल्यामुळे ती प्रसंगापुरतीच राहिली. तारवाला दारात उभा राहिला की मजकूर कळण्याआधीच घरातल्या वडील माणसांचा धीर सुटे.

हे अक्षराचे बंधन प्रथम तोडले ते रेडिओने, आणि तेथेही म्हैसूरचे स्थान मोठे आहे. तेथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे म्हैसूर संस्थानाने ते केंद्र चालविण्यास घेतले, आणि स्वातंत्र्यानंतर तेच नाव साऱ्या देशाच्या ध्वनिक्षेपणाने स्वीकारले. मनाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानाने हा उद्योग आरंभावा, यात मला मोठे औचित्य वाटते. डोळे अधू झाले, अक्षरओळख नसली, तरी कान उघडा असतो. वाणी तेथवर पोचते.

या तत्त्वाची कसोटी महाराष्ट्रातच लागली. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून खेड्यांतील श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. लिहिता येणारा एक जण असला म्हणजे पुरे. बाकीच्यांना ऐकता व बोलता आले की झाले. साधन सामुदायिक होते, म्हणून कोणी एकटा मागे पडत नव्हता.

पुढे साधन घरात आले आणि मग खिशात आले. १९९५ साली आपल्या देशात मोबाइल सुरू झाला. त्याच वर्षी इंटरनेटही सर्वसामान्यांना उपलब्ध झाले. प्रारंभी मोबाइल हा केवळ आवाजाचा होता, तोवर वृद्धांना तो जड गेला नाही. पडद्यावर वाचावयाचे, बोटाने निवडावयाचे, संकेतांक लक्षात ठेवावयाचे, असे तो मागू लागला तेव्हा पोस्टाच्या दाराशी बसणारा तो लेखनिक पुन्हा अवतरला. या वेळी तो घरातला नातू होता. पूर्वीचा लेखनिक फार तर पत्रातले गुपित जाणत असे. आजच्या लेखनिकाच्या हाती आजीच्या बँकेची किल्लीच असते. नातू सज्जन असेल तर चिंता नाही. परंतु फोनवरून गोड बोलून संकेतांक विचारणारा परकाही स्वतःला साहाय्यकच म्हणवतो. परावलंबनाचे मोल येथे रोख चुकवावे लागते.

सरकारी सेवेतील माणसाला याचे दुसरे अंग दिसते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा, हा जुना नियम. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजना आली आणि बोटांचा ठसा देऊन घराजवळून दाखला देता येऊ लागला. सोय मोठी, पण आयुष्यभर कष्ट केलेल्या हाताच्या रेषा वार्धक्यात पुसट होतात आणि यंत्राला त्या ओळखता येत नाहीत. २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची व्यवस्था झाली, ती या अडचणीवरचा मोठा उतारा ठरली. वृद्धाला यंत्राजोगे करण्यापेक्षा यंत्राला वृद्धाजोगे करणे अधिक शहाणपणाचे, हा यातला बोध. आणि तोही उपाय ज्याला साधत नाही, त्याच्यासाठी कचेरीची खिडकी उघडी राहिलीच पाहिजे.

शेवटी एक योगायोग सांगतो. २०१३ च्या जुलैत सरकारी तारसेवा बंद झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा निरोप धाडण्याची सोय आली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना या दुसऱ्या घटनेचे महत्त्व अधिक. तंजावरच्या मराठी कुटुंबांत भाषा मराठी, पण लेखन बहुधा तमिळ लिपीत. कर्नाटकातल्या अनेक घरांत नातवंडे शाळेत कानडी आणि इंग्रजी शिकतात आणि देवनागरी त्यांना परकी वाटते. अशा घरात आजीने लिहिलेले पत्र नातीला वाचता येत नाही, आणि नातीचे आजीला. लिपीने दोघींमध्ये भिंत उभी केली होती. आज आजी बोट दाबून मराठीत बोलते, आणि दूरच्या शहरातली नात ते ऐकून मराठीतच उत्तर देते. त्या भाषेला व्याकरणाचा आधार नसेल, शुद्धलेखनाची तर गोष्टच नको. पण ती जिवंत आहे, आणि तीन पिढ्यांच्या मुखात आहे. भाषा टिकविण्यासाठी याहून स्वस्त साधन आपल्या हाती पूर्वी कधी नव्हते.