विमान अपघातांचा वैद्यकीय तपास

विमान अपघातांचा वैद्यकीय तपास म्हणजे अपघातापूर्वीची वैमानिकांची शारीरिक व मानसिक स्थिती, मृत व जखमींच्या दुखापती आणि बचावाची शक्यता यांचा अभ्यास होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार अशा तपासाचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरवणे हा नव्हे. भारतात ही जबाबदारी २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात तपास ब्युरोकडे आहे.

शवविच्छेदन

प्रशिक्षण विमानात दोन्ही आसनांपुढे नियंत्रणे असतात. आघाताच्या क्षणी ती कोणाच्या हाती होती, याचा अंदाज अंगठा, मनगट व घोट्याच्या अस्थिभंगांवरून बांधला जातो. मात्र अशा दुखापती अन्य कारणांनीही होत असल्याने हा पुरावा एकटा पुरेसा नसतो. श्वासनलिकेत काजळी आढळल्यास आग लागली तेव्हा व्यक्ती जिवंत होती असे समजते. काजळी नसताना रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळला, तर उड्डाणातच इंजिनाचा धूर आत शिरल्याचा संशय येतो. मृतदेह कुजताना त्यात मद्यार्क तयार होऊ शकतो. म्हणून रक्तासोबत डोळ्यातील द्रवही तपासतात.

खानदेशातील अपघात

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूर (जि. धुळे) येथील वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला व प्रशिक्षणार्थी महिला वैमानिक गंभीर जखमी झाली. ग्रामस्थांनी साडीची झोळी करून तिला डोंगराळ वाटेने बाहेर आणले. शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकच वाचतो, तेव्हा पट्टे, आसनांची मोडतोड, आघाताची दिशा आणि उपचार मिळण्यास लागलेला वेळ यांची तुलना विशेष मोलाची ठरते.

मानवी घटक

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. क्षितिजदर्शक उपकरण बिघडले होते आणि अंधारात बाहेरचे क्षितिज दिसत नसल्याने वैमानिकाला दिशाभ्रम झाला.

मंगळूर येथे २२ मे २०१० रोजी झालेल्या अपघातात १५८ जण दगावले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे आढळले, की ध्वनिमुद्रणाच्या २ तास ५ मिनिटांपैकी सुमारे १ तास ४० मिनिटे मुख्य वैमानिक झोपलेला होता; त्याचे घोरणेही नोंदले गेले होते. जागे झाल्यावर काही काळ निर्णयक्षमता मंदावते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सुचवले, तरी विमान उतरवण्यात आले.

कोळिकोड येथील ७ ऑगस्ट २०२०च्या अपघातात २१ जणांचा मृत्यू झाला. तेथेही सहवैमानिकाची सूचना मानली गेली नाही. अहवालाने प्रमाणित कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण मानले. मुख्य वैमानिकाकडे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतलेली मधुमेहाची एकाहून अधिक औषधे सापडली. रक्तातील साखर किंचित घटून त्याच्या आकलनावर सूक्ष्म परिणाम झाला असावा, असे अहवालात म्हटले आहे. येथे 'असावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. मृत्यूनंतर शरीरातील साखर आपोआप घटत जाते, त्यामुळे हयातीतील साखरेची कमतरता शवविच्छेदनातून सिद्ध करणे अत्यंत कठीण असते.