दौत, बोरू आणि झरणी

वाङ्मयेतिहास लिहिताना आपण संहितेचा, तिच्या कर्त्याचा आणि वाचकाचा विचार करतो. ती ज्या साधनाने कागदावर उतरली त्याचा सहसा करीत नाही. लेखणीत शाई भरणे ही क्रिया तर इतकी क्षुल्लक, की ती नोंदण्याजोगी वाटतच नाही. परंतु हस्तलिखित कसे वाचावे आणि लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे दोन्ही प्रश्न या क्रियेच्या इतिहासाशी जोडलेले आहेत.

आपल्या परंपरेला ही उदासीनता मान्य नव्हती. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षराचे वळण आणि भोवतीची कोरी जागा यांच्याबरोबर रामदास निरनिराळ्या देशींचे बोरू, टाक तोडण्याच्या तऱ्हा आणि मसीचा संग्रह यांचाही विचार करतात. यातील 'मसी' संस्कृत. 'शाई', 'दौत', 'कलम', 'कागद' हे शब्द मात्र फारसी-अरबीतून आलेले. शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'त स्वतंत्र 'लेखनवर्ग' आहे. तरीही हे चारही शब्द मराठीतून हलले नाहीत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या तर नावातच कागदाचा व्यवसाय आहे.

बोरूच्या टोकाशी शाई थोडीच राहते. म्हणून काही शब्द झाले की हात दौतीकडे वळतो. मोडीत लेखणी न उचलता सलग लिहिण्याकडे कल असला, तरी दौत तो ओघ तोडतेच. याची खूण कागदावर उरते: बुडवणीनंतरचे अक्षर गडद, पुढची फिकट होत जाणारी, मग पुन्हा गडद. लेखक कोठे थांबला, कोणता शब्द मागाहून घातला, याचा अंदाज संपादकाला या चढउतारावरून बांधता येतो. छापील प्रतीत ही साक्ष पुसली जाते.

झरणीने ही साक्ष हस्तलिखितातूनच नाहीशी केली. ल्युइस वॉटरमन यांनी 1884 साली अमेरिकेत ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व साधे आहे. टाकीतील शाई जिभेच्या बारीक खाचांतून केशाकर्षणाने निबेपर्यंत येते आणि जितकी शाई बाहेर पडते तितकी हवा आत जाते. त्यामुळे थांबा शब्दाशब्दांतून उठून पानापानांच्या पलीकडे गेला. दौतीकडे जाणारा हात वाक्य अर्धवट सोडून जात असे. आता लेखक ड्रॉपरने शाई भरण्यासाठी उठतो तो बहुधा प्रकरणाच्या किंवा बैठकीच्या शेवटी. यावरून साधनच शैली घडवते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. दीर्घ, गुंतागुंतीची वाक्ये बोरूनेही लिहिली गेली आहेत. एवढेच म्हणता येईल, की लेखनातील खंड आता साधनापेक्षा लेखकाच्या अधीन झाला.

या सोयीची किंमतही होती. काजळ आणि डिंक यांची दाट शाई खाचांत अडकते. झरणीला पातळ, रंगद्रव्य पूर्णतः विरघळलेली शाई लागते. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी 'घोडा छाप' शाईच्या पुडी आणि वड्यांपासून व्यवसाय सुरू केला आणि पुढे झरणीसाठी 'कॅमल' शाई आणली. घरोघरी पोचलेली ही शाई वाहती होती, टिकाऊपणा हा तिचा मुख्य गुण नव्हे. काजळाचा काळेपणा उजेडाने उडत नाही. विरघळलेला रंग उडतो आणि ओलाव्याने पसरतो. म्हणजे सतराव्या शतकातील पोथीपेक्षा विसाव्या शतकातील कादंबरीचा खर्डा अधिक नाजूक असू शकतो. आधुनिक लेखकांची हस्तलिखिते सवडीने पाहू, असे म्हणण्याची मुभा आपल्याला नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. कलमदान ही दप्तराची, वतनाची वस्तू होती. 'कलमकसाई' या मराठी शब्दात ते ज्यांच्या हाती होते त्यांच्याविषयीचा रोष साठलेला आहे. झरणी खिशाला लागली आणि लिहिण्याचे साधन व्यक्तीचे झाले. औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे 'मिलिंद'. 1967 साली याच शहरातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि पुढे 'अस्मितादर्श' झाले. या घडामोडींचे श्रेय झरणीला देणे हास्यास्पद ठरेल. ते शिक्षणाचे आणि चळवळीचे आहे. पण ज्यांच्या घरात कधी दौत नव्हती, त्यांची पहिली पिढी लिहू लागली तेव्हा तिचे पहिले खर्डे कोणत्या शाईने, कोणत्या कागदावर उतरले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचाच आहे.

प्राचीन पोथीची शाई आणि कागद आपण आवर्जून नोंदवतो. आधुनिक हस्तलिखिताला तोच न्याय लावला नाही, तर पुढील संशोधकाच्या हाती छापील प्रत तेवढी राहील, आणि लेखक कोठे थांबला होता हे सांगणारे काहीच उरणार नाही.