प्रकाशाच्या चिमट्यातला टेट्रिस

१९८६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन यांनी केवळ एका लेझर किरणाने सूक्ष्म कण धरून दाखवला. हाच ‘प्रकाशाचा चिमटा’. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात जिवंत जीवाणू इजा न करता पकडले.

त्याच दशकात मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस रचला. २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील एका विद्यापीठात या दोन वाटा जुळल्या. प्रत्येकी सुमारे १ मायक्रोमीटर व्यासाचे काचेचे ४२ गोलक घेऊन तेथील संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली टेट्रिस खेळले! किरण गोलकांवर इतक्या त्वरेने फिरे, की एकही निसटत नसे.

हा निव्वळ पोरखेळ नव्हे. पेशीतील नाजूक घटक हाताळण्यासाठी जी सफाई लागते, तिचीच ही कसोटी होती. २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, अ‍ॅश्किन यांना या चिमट्यासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.