देशी औषधांची फेरी

औषध हा बाजारातला मोठा चमत्कारिक माल आहे. कापड घेणारा ते बोटांत चोळून पाहतो, आंबा घेणारा त्याचा वास घेतो. औषध घेणारा मात्र डोळे मिटून ते पितो. ते निवडतो डॉक्टर, देतो दुकानदार आणि पैसे मोजतो रोगी. म्हणूनच औषध विकावयास निघालेल्या माणसाचे रोग्याच्या दारी जाऊन भागत नाही. ज्यांना त्या विषयाचे ज्ञान त्याच्याहून अधिक आणि वेळ मात्र अगदी थोडा, अशा गृहस्थांपुढे त्याला उभे राहावे लागते. दवाखान्याच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन आपल्या पाळीची वाट पाहणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी हे रोज अनुभवतो. कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, १८९२ च्या सुमारास हा अनुभव रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या वाट्यास आला.

प्रफुल्लचंद्र राय हे ते प्राध्यापक. एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते स्वदेशी परतले आणि १८८९ पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात मासिक २५० रुपयांवर शिकवू लागले. अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या राहत्या घरात, सातआठशे रुपयांच्या भांडवलावर, त्यांनी ‘बेंगॉल केमिकल वर्क्स’ हा उद्योग मांडला. फॉस्फेटसाठी खाटकांकडून आणलेली हाडे गच्चीवर वाळत घातली, त्यांवर कावळे जमले आणि शेजारी संतापले, ही हकीकत पुष्कळांनी ऐकलेली असते. बाटली भरून, तिला बूच लावून झाल्यावर पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आणि खरी कसोटी तर तेथेच होती.

दिवसभर कॉलेज आणि सायंकाळी भट्टी, असा रायांचा क्रम होता. लोहाची व सोमलाची जी औषधे डॉक्टर नित्य लिहून देत, ती ब्रिटिश फार्माकोपियाच्या कसास उतरतील अशी त्यांनी घरी तयार केली. परंतु औषधविक्रेत्यांनी माना हलविल्या. विलायती पेढीचे नाव असलेला माल आपोआप खपतो. देशी मालासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागेल, आणि त्यात वेळ कोणी दवडावा, असे त्यांचे म्हणणे. या दुकानदारांना देशद्रोही म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. औषध लागू पडले नाही, तर रोग्याचे आप्त कारखान्याकडे जात नाहीत, दुकानदाराच्याच फळीशी येऊन उभे राहतात. बटोकृष्ण पाल आणि कंपनी या मोठ्या पेढीतील भूतनाथ पाल यांनी रायांना उत्तेजन दिले, ही गोष्ट म्हणूनच लहान नव्हे.

दुकानाचे दार थोडे किलकिले झाले, तरी डॉक्टरांचे दार बंदच होते. ते उघडले डॉ. अमूल्यचरण बोस यांनी. हे रायांचे स्नेही; स्वतः डॉक्टर, आणि या उद्योगात भागीदार. आपल्या व्यवसायबंधूंकडे जावे, औषध पुढे ठेवावे, शंका ऐकून घ्यावी आणि त्यांच्याच भाषेत तिचे समाधान करावे, हे काम त्यांनी अंगावर घेतले. डॉ. राधागोविंद कर, डॉ. नीलरतन सरकार यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत या कारखान्याची औषधे येऊ लागली, त्यामागे अमूल्यचरणांची ही खटपट होती. आपल्याच भागीदारीचा माल डॉक्टरने डॉक्टरांच्या गळी उतरवावा, हे आजच्या दृष्टीला खटकेल, आणि खटकलेच पाहिजे. भारत सरकारने २०२४ मध्ये औषधविक्रीची आचारसंहिता जाहीर करून डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली, ती अशाच जवळिकीतून उपजणाऱ्या मोहावर नजर ठेवून. अमूल्यचरणांजवळ मात्र देण्यासारखे काही नव्हते. होता तो केवळ स्वतःच्या नावाचा भरवसा.

त्यांची दुसरी कामगिरी अधिक मोलाची. कविराज ज्या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले, त्या अडुळसा, कुडा, काळमेघ यांच्याकडे मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला डॉक्टर ढुंकूनही पाहत नसे. अमूल्यचरणांच्या आग्रहाने या वनस्पतींचे अर्क आणि पाक तयार होऊन बाटल्यांतून बाहेर पडले. घरोघरी पोट दुखले की चावला जाणारा ओवा! त्याचे पाणी ‘ॲक्वा टायकोटिस’ हे लॅटिन नाव धारण करून आले, तेव्हा ते डॉक्टरांच्या टेबलावर बसण्यास पात्र ठरले. हे नाव पुढे बंगालमध्ये घरगुती झाले. विक्रेत्याची युक्ती म्हणून याला कोणी हसेल. पण ज्याला पटवावयाचे त्याच्या भाषेत आपला माल मांडणे, यापलीकडे त्यात लबाडी नव्हती.

१८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग १८९८ मध्ये कलकत्त्यास पोहोचला, आणि त्याच वर्षी त्या रोगाने अमूल्यचरणांचा बळी घेतला. त्याच सुमारास त्यांचे मेहुणे सतीशचंद्र सिंह हे रसायनशास्त्राचे एम. ए. कारखान्यात काम करताना प्रुसिक ॲसिडच्या विषाने गेले. औषध करणारा उजवा हात आणि ते पटवून देणारी वाणी, दोन्ही अशी हरपली. राय पुन्हा एकटे पडले. पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या थांबल्या नाहीत.

१९०१ मध्ये कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. १९०३ मध्ये राजशेखर बसू तेथे रसायनज्ञ म्हणून आले आणि पुढे व्यवस्थापक झाले. ‘परशुराम’ या नावाने बंगाली वाचकांना हसविणारे लेखक ते हेच. बाजारातील ढोंगाची त्यांची पारख कोठे तयार झाली असेल, याचा तर्क करावयास हरकत नाही. १९०५ मध्ये माणिकतल्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हा वंगभंगाच्या चळवळीने वारेच फिरविले होते: ज्या ‘देशी’ शब्दापुढे दुकानदार मान हलवीत, तोच शब्द गिऱ्हाईक आता आपण होऊन विचारू लागले. १९०७ मध्ये प्रा. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिकचा आरंभ केला, तोही याच काळात. पुढे १९३८ मध्ये बेंगॉल केमिकलचाच कारखाना मुंबईस प्रभादेवीला आला.

फेरीवरच्या माणसाला कायद्याचे संरक्षण मिळावयास मात्र १९७६ साल उजाडावे लागले. विक्री प्रतिनिधींच्या सेवाशर्तींचा केंद्रीय कायदा त्या वर्षी झाला. नेमणुकीचा कागद आणि हक्काची रजा त्याला तेव्हा कायद्याने मिळाली. दवाखान्याच्या बाकावरची त्याची जागा मात्र होती तेथेच राहिली.