मालवण, बर्लिन, पुणे, लोणार

जून 2020मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी अपशकुन. नमुने तपासणाऱ्यांत पुण्याची आघारकर संशोधन संस्था होती. खारट, अल्कधर्मी पाण्यात रमणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष तिने दिला. खडक, पाणी आणि जीव यांचा असा एकत्र विचार करणारं शास्त्र म्हणजे भूजीवशास्त्र. हिंगोलीकरांनी सेनगाव-रिसोडमार्गे गाडी काढली तर लोणार ही त्याची नैसर्गिक प्रयोगशाळा काही तासांत गाठता येते. त्यावर चर्चा करणारी माणसं मात्र बहुतेकदा दूरदेशी जमतात. तिथपर्यंत जायचं भाडं कोण देतं, या प्रश्नाची गोष्ट आघारकर संस्थेच्या संस्थापकापासून सुरू करता येते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर 1884मध्ये मालवणला जन्मले. सह्याद्रीच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली आणि त्यांचं नाव प्राणिशास्त्रज्ञांपर्यंत पोचलं. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले. नामवंत वकील रासबिहारी घोष यांनी 1913मध्ये विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले होते. त्यातून निर्माण झालेली प्राध्यापकपदं भारतीयांनाच मिळावीत, अशी त्यांची अट होती. आघारकर शिक्षणासाठी 1914मध्ये बर्लिनला पोचले आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्धताही भोगावी लागली. तरी प्रबंध पुरा झाला. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती! लोणारच्या क्षारप्रेमी जीवांवर शतकभरानंतर त्यांच्याच संस्थेने मत द्यावं, हा योगायोग मला फार आवडतो.

परतल्यावर ते भारतीय विज्ञान परिषदेचे काही वर्षं सरचिटणीस होते. 1914मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली ही परिषद वर्षागणिक वेगळ्या गावी भरत असे. भारतात शास्त्रज्ञ एकत्र येण्याची ती जुनी जागा. आगगाडीच्या तिकिटाएवढ्या खर्चात तरुण माणूस तिथे पोचू शकत असे.

कलकत्त्याची नोकरी संपवून आघारकर पुण्यात आले आणि 1946मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. नमुना कलकत्त्याचाच होता, महेंद्रलाल सरकार यांनी 1876मध्ये स्थापलेली संस्था. सुरुवातीचा संसार विधी महाविद्यालयातल्या उसन्या खोल्यांत होता. 1960मध्ये निधन होईपर्यंत आघारकरच संचालक होते. 1992मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. ती आज गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे, त्यामुळे आगरकर की आघारकर हा घोळ पुणेकरांनाही सुटत नाही.

घोषांसारखे दाते आता विरळा. त्यांच्या जागी सरकारी योजना आल्या. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ 2008च्या कायद्याने स्थापन झालं. त्याची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना तरुण संशोधकांना परदेशी परिषदेत निबंध मांडायला मदत करी. हे मंडळ 2024मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालं. परदेशातही सोय आहे. भूरसायनाची गोल्डश्मिट परिषद विद्यार्थ्यांना प्रवास अनुदान देते, आणि तिथे भूजीवशास्त्राची सत्रंही असतात.

तरीही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकाचं गणित वेगळंच बसतं.   आधी निबंधाची स्वीकृती हवी, मग अर्ज. मंजुरीचं उत्तर बऱ्याचदा नोंदणीची मुदत संपताना येतं. अशा मदतीत पावत्या जोडून रक्कम परत मिळवायची असली, की तोवरचे पैसे घरातूनच काढायचे. वडिलांनी सोयाबीन विकून आलेल्या रकमेतून विमानाचं तिकीट काढायचं म्हणजे घरात आधी बैठक बसते, आणि ‘परत मिळतील ना नक्की?’ हा प्रश्न आई तीनदा विचारते.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे, 2023मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. जगभरातले शास्त्रज्ञ त्या निमित्ताने इथे येतील. त्यातला एखादा लोणारला जाऊन येईल आणि परत जाताना विचारील, इथल्या मुलांनी या सरोवरावर काय काम केलंय? त्याला दाखवायला निबंध हवा, आणि तो परिषदेत मांडलेला असेल तर त्या पाहुण्याने बहुधा आधीच ऐकलेला असेल. त्यासाठी विद्यापीठाने किंवा इथल्या एखाद्या बँकेने नोंदणी शुल्क आणि तिकिटापुरती उचल द्यावी. मंजूर अनुदान आलं की ती वळती करून घ्यावी.